हनुवटीवरची हळद

लोणीत पुष्पाबाईची चौकशी केली तर लोक एकच सांगतील: बाई तोंडाची फटकळ, पण बोलणार खरं. ग्रामसभेत टाकीच्या पाण्यावरून सगळे पुरुष एकमेकांच्या टोप्या न्याहाळत बसलेले असताना पदर सावरून उठणारी आणि “टाकी धुतल्याला किती वर्सं झाली ते आदी सांगा, मग भाषणं ठोका,” असं म्हणणारी ती हीच. जावेच्या दह्याला वास आला तर जावेला तोंडावर सांगणार. स्वतःची भाकरी करपली तर पाहुण्याच्या ताटातून उचलून घेणार. अशा बाईने आयुष्यात एकच मोठं खोटं बोलावं, तेही पन्नास बायकांच्या देखत, पोटच्या पोराच्या हळदीत! मी हे लिहितोय ते तिला कमी लेखायला नाही. ती स्वतःच स्वतःला इतकी कमी लेखून बसलीय की आपण त्यात भर घालायची गरज नाही.

पुष्पाबाई मूळची जुन्नर तालुक्यातली, आणे पठारावरची. बापाची दीडशे मेंढरं. अठराव्या वर्षी लग्न होऊन ती लोणीला भैरवनाथच्या घरात आली. या घरातली मेंढरं सासऱ्याच्या काळातच गेली होती. आता कांदा, बाजरी आणि गोठ्यात चार गाया. पुष्पाबाईने गोठाही सांभाळला, कांदाही लावला, ऋतिक आणि श्रेया अशी दोन लेकरं वाढवली. धडधाकट बाई. डोकं दुखतंय म्हणून झोपलीय असं कुणी पाहिलं नाही.

पण श्रेयाच्या बाळंतपणानंतर दोन वर्षांनी, तिशीच्या आसपास, हनुवटीवर तीन केस उगवले. काळे आणि राठ. तिने ते चिमट्याने उपटले. तिनाचे सात झाले, साताचे मोजता येईनात. दोन वर्षांत गालाच्या कडेपर्यंत रान माजलं.

आता यात लाजण्यासारखं काय, असं तुम्हीआम्ही म्हणू. पण पुष्पाबाईच्या माहेरी एक सोनीबाई होती. तिच्या हनुवटीवर अशीच दाढी. बिचारी पदराचं टोक दातात धरून पाण्याला जायची, आणि पठारावरची पोरं मागून ओरडायची, “मिशीवाली आली, मिशीवाली आली!” त्या पोरांत सगळ्यात मोठा आवाज कुणाचा असायचा? पुष्पाचा. ते ओरडणं तिच्या कानातून गेलं नव्हतं. आरशाच्या तुकड्यात हनुवटी दिसली की तिला सोनीबाई दिसायची आणि मागे स्वतःचीच आरोळी ऐकू यायची.

मग ती दाढी करू लागली. आधी नवऱ्याच्या वस्तऱ्याने, नंतर मंचरच्या बाजारातून गुपचूप आणलेल्या प्लास्टिकच्या रेझरने. रोज पहाटे, घर उठायच्या आत, न्हाणीघराचं पत्र्याचं दार लावून. रेझर पावडरच्या रिकाम्या डब्यात आणि डबा आढ्याच्या बेचक्यात. पंधरा वर्षं हा नेम चुकला नाही. भैरवनाथला कळलं नसेल असं कसं म्हणावं? एका छपराखाली राहणारा माणूस. पण तो बोलला नाही, हिने विचारलं नाही, आणि तेवढ्यावर संसार नीट चालला होता.

रोज रेझर फिरवून हनुवटीवर बारीक पुटकुळ्या यायच्या, केस कातडीच्या आतच वळायचे, आणि मागे काळे डाग राहायचे. ऋतिकचं लग्न ठरलं तसे तिला ते डाग फार दिसू लागले. पोरगी ओझरकडची. लग्नात ड्रोनने शूटिंग करणार, वरमाईचे जवळून फोटो घेणार, असं ऋतिक रोज सांगायचा, आणि रोज पुष्पाबाई आरशाचा तुकडा काढून बसायची.

श्रेया तेव्हा फार्मसीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या तोंडावर मुरुमं यायची म्हणून तिने मोबाईलवरून एक तपकिरी बाटली मागवली होती, थेंब पाडायला रबराचं बोंड असलेली.

“काय गं ते?” पुष्पाबाईने विचारलं.

“सीरम. ॲसिड असतं यात.”

“ॲसिड? संडासात वततात त्ये? तोंडाला?”

श्रेया हसून गडबडा लोळली. “अगं मम्मी, ते वेगळं. हे उसात असतं तसलं. वरची मेलेली कातडी काढतं, डाग जातात. तुला पण देते, तुझ्या हनुवटीवर बघ किती काळं झालंय. शेगडीच्या धगीनं असंल.”

“हां, धगीनंच,” पुष्पाबाई म्हणाली.

“आठवड्यातनं दोनदाच. रात्री झोपताना. दोन थेंब, जास्त न्हाई. आणि सकाळी उन्हात जायचं असलं तर ही क्रीम.” मग श्रेयाने खोक्यावरचं बारीक अक्षर वाचलं. “आणि दाढी केल्यावर लगेच लावायचं नाय. ते पप्पांसाठी हाय, आपल्याला काय!”

त्या क्षणी पुष्पाबाईला एक साधा प्रश्न विचारायचा होता: लगेच म्हणजे किती? तास? दिवस? पोरगी फार्मसी शिकणारी, समोर बसलेली, सांगायला तयार. ग्रामसभेत सरपंचाला न भिणाऱ्या बाईला पोटच्या पोरीला हे विचारता येईना. तिने गायांना पेंड घालायची राहिलीय असं पुटपुटत पाय काढता घेतला.

पण बाटली तिने लावली. रात्री, दोन थेंब. सकाळची दाढी आणि रात्रीचा थेंब यात दिवस मध्ये असायचा, म्हणून काही झालं नाही. थोडं चुणचुणायचं, बस. महिन्याभरात डाग खरंच फिके पडले. पुष्पाबाईचा त्या बाटलीवर इतका जीव जडला की वैशाखात हळदीचा दिवस उजाडेपर्यंत ती बाटलीला औषध नव्हे, देवाचा अंगारा समजू लागली होती.

आता हळदीचं सांगायचं तर आधी गोजरबाईचं सांगायला हवं.

गोजरबाई भावकीतली, भैरवनाथच्या चुलत्याची बायको. पासष्टीची, काटकुळी, कमी बोलणारी. नवरा गोरख ओट्यावर बसून दोऱ्या वळायचा. विहिरीच्या पाटाला तिचे हळदीचे चार वाफे होते. हळद खणणं, उकडणं, वाळवणं, सगळं ती एकटी करायची, आणि भावकीत कुणाचंही लग्न असो, हळद गोजरबाईची. त्याचे ती कधी पैसे घेत नसे. घ्यायची तो एक मान: मांडवात जातं मांडलं, पाच सवाष्णी बसल्या, की खुंट्याला पहिला हात गोजरबाईचा आणि नवरदेवाला पहिली हळद गोजरबाईची. तीस वर्षांत या वस्तीतला एकही नवरदेव, एकही नवरी तिच्या हाताशिवाय पिवळी झाली नव्हती. भैरवनाथलाही तिनेच लावली होती. दुसरं काही तिच्यापाशी नव्हतं, लेकरू नव्हतं, शेत अर्धा एकर, आणि ते तिला पुरत होतं.

हळदीच्या दिवशी पुष्पाबाई पहाटे चारला उठली. आज सगळ्या बायका तोंडाला हात लावणार, एक खुंट राहून चालणार नव्हता. तिने रेझर एकदा वरून खाली फिरवला, मग खालून वर, मग हनुवटी ताणून पुन्हा. दोन ठिकाणी रक्ताचा ठिपका आला. तोंड पुसलं, आणि आरशात बघितलं तर ते डाग बल्बच्या उजेडात अजून दिसत होते. बाटली कोनाड्यातच होती. आठवड्याचा हिशोब, रात्रीची वेळ, खोक्यावरचं बारीक अक्षर, काही काही तिच्या मनात आलं नाही, किंवा आलं आणि तिने त्याला बाहेर घालवलं. दोन थेंबांनी एवढा फरक पडतो तर सहा थेंबांनी किती पडेल, असा तिचा विचार. सहा लावले. वाळल्यावर पुन्हा सहा.

आग झाली. डोळ्यांतून पाणी आलं. ती मनात म्हणाली, जोरात काम करतंय.

ज्या बाईचं बालपण मेंढरांत गेलं तिने हे करावं, याचं मला सगळ्यात नवल वाटतं. लोकर कातरताना मेंढराचे पाय धरायचं काम हिचं असायचं. कातर लागून कातडी सोलवटली की तिचा बाप तिथे तेल लावायचा आणि गोचिडाचं औषध आठ दिवस जवळ आणू द्यायचा नाही. “कातरलेल्या अंगाला औषद म्हंजी जाळ,” हे तिने शंभरदा ऐकलेलं. मेंढराच्या बाबतीत तिला हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

नऊ वाजता मांडवात जातं मांडलं. खुंट्याला आंब्याची डहाळी बांधली, गोजरबाईने पहिला हात घातला, बायकांनी ओव्या धरल्या. ऋतिक पाटावर बसला. त्याची दाढी न्हाव्याने सकाळीच केली होती. गोजरबाईने परातीतली हळद आंब्याच्या पानाने त्याच्या पायाला, गुडघ्याला, खांद्याला, गालाला टेकवली. मग वळून तिने वरमाईच्या तोंडाला दोन्ही तळव्यांनी हळद माखली, कपाळापासून हनुवटीपर्यंत, अगदी सावकाश. तिचे हात हनुवटीपाशी थोडे थांबले. मग बाकीच्या बायका तुटून पडल्या आणि मांडवात हसण्याचा नुसता गोंधळ उडाला.

वैशाखाचं ऊन मांडवाच्या कापडातून खाली येत होतं. पाच मिनिटं पुष्पाबाईने दात आवळून सोसलं. मग तिला वाटलं, कुणीतरी मिरचीचा ठेचा फासलाय. ती ओरडली, पाण्याच्या पिंपाकडे धावली आणि तोंड धुऊ लागली. हळद गेली आणि खालचं तोंड वर आलं: गालांच्या कडा, ओठाच्या वर आणि सगळी हनुवटी लालभडक, टम्म सुजलेली, आणि त्यावर बारीक पाणीदार फोड.

“आगं बया! हळदीत काय घातलंय काय?” हे बोलली प्रयागबाई, पुष्पाबाईची थोरली चुलत जाऊ. मनाची वाईट नाही, पण तिच्या तोंडातून शब्द निघाला की तो गावभर व्हायला वेळ लागत नाही. तिने परातीत बोट घालून हुंगलं. “ह्यो वास बगा. रंग मिसळलाय रंग. नायतर एवढी पिवळीजर्द हळद कुटं आसती व्हय?”

झालं. एकीला लगेच मान खाजू लागली. दुसरीला हात. पाटावरचा ऋतिकही म्हणाला, “माझं पण गाल जरा चुरचुरतायत.” ताज्या दाढीवर काहीही लागलं तरी चुरचुरतं, पण तेवढा विचार करायला मांडवात कुणाला सवड होती? सगळ्यांचे डोळे गोजरबाईकडे वळले.

गोजरबाई पिवळे हात पुढे धरून तशीच उभी. “माझ्या दारची हळद हाय,” ती म्हणाली. “रंग कशाला घालू मी? तीस वर्सं लावतीय.” मग ती पुष्पाबाईच्या जवळ आली, आवाज खाली आणून म्हणाली, “पुष्पा, तू सकाळच्याला तोंडाला काय लावलं व्हतं का? आठव जरा.”

हा तो क्षण. पुष्पाबाईला सगळं कळलेलं होतं. पिंपातल्या पाण्यात तोंड घातलं तेव्हाच कळलं होतं. ती काही वेडी नव्हती. एकच शब्द बोलायचा होता. पण त्या शब्दाच्या मागून दुसरा आला असता, आणि मग तिसरा, आणि शेवटी पावडरचा डबा आढ्यावरून खाली मांडवात आला असता, व्याह्यांकडून आलेल्या बायकांसमोर, पोराच्या हळदीत. मिशीवाली आली.

“न्हाई,” ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली. “काय बी न्हाई लावलं. साबण सुदिक न्हाई.”

आणि पुष्पाबाई खोटं बोलत नाही हे सगळ्या लोणीला ठाऊक होतं.

गोजरबाईने तिच्याकडे बघितलं. रागाने नव्हे, नुसतं बघितलं. नवरदेवाची उष्टी हळद नवरीकडे न्यायला ओझरची गाडी उभी होती. नवरीच्या तोंडाचं काही झालं तर काय घ्या, म्हणून दुकानातून हळदीची पाकिटं आली, ऋतिकला त्यातली बोटभर लावली आणि तीच हळद उष्टी म्हणून गाडीत गेली. गोजरबाईची हळद प्रयागबाईने गोठ्यामागे ओतायला लावली. परात गोजरबाईची होती. तिने ती नळाखाली स्वतः धुतली, पदराने कोरडी केली आणि न जेवता घरी गेली. मांडवातून तिला कुणी थांबवलं नाही. पुष्पाबाई घरात तोंडाला ओलं फडकं लावून पडली होती, आणि खिडकीतून तिला ती पाठमोरी जाताना दिसली.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. लग्नाच्या सगळ्या फोटोंत वरमाईचा पदर नाकापर्यंत ओढलेला आहे. ड्रोनमध्ये नुसता पदरच दिसतो.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी भैरवनाथने तिला मंचरला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी दिव्याखाली तोंड बघितलं आणि भैरवनाथला बाहेर बसायला सांगितलं. “दाढी करून वर काय लावलंत?” त्यांनी सरळ विचारलं. पुष्पाबाईने आयुष्यात पहिल्यांदा ते कुणालातरी सांगितलं, खाली बघत, साडीचा काठ चुरगाळत. बाईंनी नावं ठेवली नाहीत. दाढीने कातडीचा वरचा थर आधीच निघतो, त्यावर लगेच ॲसिड म्हणजे उघड्या जखमेवर ॲसिड, आणि त्यात ऊन, असं त्यांनी समजावलं. “हळदीचा यात काही दोष नाही. हळद नसती तरी हे झालंच असतं. आणि हे केस येतात त्यावर औषध आहे, बाई. आधी का नाही आलात?”

बाहेर आल्यावर भैरवनाथने विचारलं, “काय म्हनल्या?”

“हळद बाधली म्हनल्या,” पुष्पाबाई बोलली. एकदा बोललेलं खोटं असं पुन्हा पुन्हा बोलावं लागतं हेही तिला नवीनच होतं.

महिन्याभरात तोंड बरं झालं. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी पुढे हळूहळू केसही विरळ झाले. श्रेयाने बाटलीतलं औषध एवढं कसं उतरलं म्हणून विचारलं, तेव्हा पुष्पाबाई तिच्यावर अशी खेकसली की पोरीने बाटलीच उकिरड्यावर फेकली. आणि गोजरबाईचं काय झालं ते बघायचं तर फार लांब जायला नको. ज्येष्ठात वस्तीत दोन लग्नं झाली. दोन्हीकडे पाकिटं आली. पाच सवाष्णींत गोजरबाईला कुणी बोलावलं नाही. कुणी म्हणालं, ती बाजारातला रंग आणते. कुणी म्हणालं, म्हातारीची नजर कमी झालीय, काय कालवते तिलाच कळत नाही. एकीने तर तिच्या घरचं तिखटही नको म्हणून सांगितलं. पुष्पाबाईच्या समोर हे बोलणं चाले, तिच्या बाजूनेच चाले, आणि पुष्पाबाई मूग गिळून बसे.

तिला हनुवटीची लाज वाटायची ती पंधरा वर्षं. पण ती लाज पहाटे दहा मिनिटं न्हाणीघरात उरकून टाकता यायची. ही नवी लाज उरकत नव्हती. गाईची धार काढताना ती यायची, भाकरी थापताना यायची, आणि देवळात हात जोडले की सगळ्यात आधी यायची. गोजरबाई वाटेत भेटली की पुष्पाबाई वाट बदलायची. ग्रामसभेत जाणं तिने सोडून दिलं. लोकांना वाटलं, सासू झाली म्हणून बाई निवळली.

तुळशीची लग्नं झाली आणि प्रयागबाईच्या नूतनचं लग्न निघालं. प्रयागबाई यादी करायला आली आणि म्हणाली, “हळदीची पाकिटंच आणू, काय? तुझ्यावानी व्हायला नको माझ्या पोरीचं.” पुष्पाबाईने मान हलवली. ती गेल्यावर पुष्पाबाई चुलीपुढे बसून राहिली, दूध उतू गेलं तरी उठली नाही. मग दुपारीच चपला घालून ती गोजरबाईच्या घरी गेली.

गोजरबाई अंगणात शेंगा फोडत होती. गोरख ओट्यावर पेंगत होता. “ये,” ती म्हणाली आणि सूप सरकवून जागा केली.

पुष्पाबाईने बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, नाहीतर ती बोललीच नसती. केस, रेझर, बाटली, बारा थेंब, सगळं. “आत्याबाई, तुमच्या हळदीत काय बी नव्हतं. मीच खोटं बोलले.” मग तिला रडू फुटलं.

गोजरबाई शेंगा फोडतच होती. “मला ठावं हाय,” ती म्हणाली.

“आं?”

“माझा हात फिरला की तुझ्या हनवटीवरनं. खालची कातडी वल्ली, सोलपाटल्यावानी लागली. काय लावलंय, काय केलंय, ते न्हाई कळलं, पर हळदीच्या आदीचं हाय यवढं कळलं. म्हनून तर तुला हळू इचारलं.”

“मग तुमी बोलला का न्हाई?”

“काय बोलू? पन्नास बायांत तुझी हनवटी उगडी करू? पोराची हळद व्हती तुझ्या.” तिने फोलपटं फुंकून उडवली. “म्हनलं, आज राहू दे. दोन दिसांनी पोरगी यील, चार जनींत सांगंल. लई खरी बाई हाय ती.” पहिल्यांदा तिच्या आवाजात धार आली. “सात म्हयने लावलेस पुष्पे. आन् आलीस ती बी माझ्याकडं. माझ्याकडं कशाला सांगतीस? मला तर ठावंच हाय.”

गोरख जागा झाला होता आणि दुसरीकडे बघत होता, म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.

नूतनच्या हळदीला मांडव पुन्हा तसाच भरला. जात्याला डहाळी बांधली होती, परातीत पाकिटं ठेवली होती, अजून फोडायची होती. पुष्पाबाई उठून उभी राहिली. श्रेया समोर बसलेली दिसली आणि तिला क्षणभर वाटलं, बसावं खाली. पण ती बोलली.

“जरा ऐका गं. ऋतिकच्या हळदीत माझं तोंड भाजलं ते आत्याबाईंच्या हळदीनं न्हाई. मला दाढी येती. मी रोज करत व्हते. त्या दिशी करून वरनं ॲसिडचं औषद लावलं, त्यानं भाजलं. आन् आत्याबाईंनी इचारलं तवा मी खोटं बोलले. त्यांच्या हळदीत काय बी दोष नव्हता.”

पुष्पाबाई मिशीवालीची आरोळी ऐकायला तयार होऊन उभी होती.

“काकू,” पाटावरून नूतन म्हणाली, “त्यात काय यवढं? मी बी रेझर फिरवते तोंडावर. मेकअप नीट बसतो.”

“ही बगा नवरी!” कुणीतरी ओरडलं आणि बायका खदखदून हसल्या. एकीने सांगितलं, तिच्या सासूला येते. दुसरी म्हणाली, मला ओठावर येते, मी दोऱ्याने काढते. प्रयागबाईने स्वतःची हनुवटी पुढे करून “हे बग, हितं दोन हायती, बैलाच्या शेपटीवानी,” असं दाखवलं आणि हशा पुन्हा उसळला. श्रेया तेवढी हसली नाही. ती आईकडे बघत होती, आणि तिचे डोळे भरले होते. दहा मिनिटं तो विषय चालला असेल. मग कुणीतरी सुपाऱ्या कुठे ठेवल्या ते विचारलं आणि तो संपला.

एवढंच होतं ते. पंधरा वर्षं आढ्यावर लपवलेलं आणि गोजरबाईचा मान घालवून राखलेलं ते दहा मिनिटांच्या हशाचं निघालं. पुष्पाबाईला हलकं वाटायला हवं होतं. तिला उलट अशी शरम वाटली की तशी मांडवात तोंड धुताना वाटली नव्हती.

“मग आत्याबाईंचीच हळद आणा की!” प्रयागबाई म्हणाली. ऋतिकच्या हळदीत बोलून गेलेल्या शब्दाची तिलाही लाज वाटली असावी. “आन् त्यास्नी बी बोलवा. पहिला हात त्यांचा. श्रेया, पळ बग.”

श्रेया पळाली. बायका थांबल्या. नूतन पाटावर बसून राहिली. पुष्पाबाई मांडवाच्या दाराशी उभी राहून वाटेकडे बघत होती.

थोड्या वेळाने श्रेया एकटीच परत आली.

“आजी म्हणल्या, पोरीला माझा आशीर्वाद सांगा. पण हळद न्हाई.”

“न्हाई म्हंजी? द्यायची न्हाई?”

“न्हाईच. ह्या सालाला लावलीच न्हाई त्यांनी. मला मागं नेऊन वाफं दाखवलं. मेथी हाय तिथं.” श्रेया आईकडे बघत नव्हती. “ज्येष्ठात लावायच्या टायमाला म्हणल्या, कुणासाठी लावायची? घरात उरलेली हळद इकली, आन् लावायला ठेवलेलं सगळं बेणं बी उकडून बाजारात दिलं. सासूच्या हातचं बेणं व्हतं म्हणं, आता कुटं मिळणार न्हाई.”

मुहूर्त टळायला नको म्हणून प्रयागबाईने एक पाकीट उचललं, दातांनी फोडायचा प्रयत्न केला, जमेना, आणि जवळ उभी होती ती पुष्पाबाई म्हणून तिच्या हातात दिलं. पुष्पाबाईने ते फोडलं आणि परातीत ओतलं.